आधी झऱ्याची धार मोजा, मग बोअर मागा

महोदय,

अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर उन्हाळ्यात पाणी आटले की पहिली मागणी बोअरची होते. ती बऱ्याचदा झऱ्याच्याच मुळावर येते. सातपुड्यात काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये जागोजाग लाल मातीचा चिवट पट्टा असतो. भेगांतून उतरलेले पाणी त्यावर अडते, आडवे सरकते आणि उतारावर पट्टा उघडा पडतो तिथे झरा फुटतो. बोअरने हा पट्टा भेदला की पाणी खाली निसटते आणि झरा मरतो. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर वा बोअर घ्यायची नाही, ही अट १९९३च्या भूजल कायद्याने आणली. ग्रामसभांनी ती झऱ्यालाही लावावी.

हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे सर कोसळते ती दणक्यात, आणि मुरायला वेळच मिळत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटात दरडी आल्या, चाळीसगावात पाणी शिरले, ते अशाच पावसाने.

झरा आटला असे म्हणण्याआधी तो मोजावा. मे महिन्यात १० लिटरची बादली दोन मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला ७,२०० लिटर झाले. माणशी ५५ लिटर धरले तर १३० जणांची गरज भागते. पण रात्रीचे निम्मे पाणी नाल्यात जाते! ५,००० लिटरची टाकी ते सहज धरते. मात्र टाकीतली पाण्याची पातळी झऱ्याच्या तोंडाखालीच हवी. ती वर गेली की उलट दाब बसतो आणि झरा दुसरीकडून वाट काढतो. तोंडाशी गोटे-खडी भरावी, सिमेंटने बुजवू नये. वरच्या बाजूला गढूळ पाणी वळवणारा चर आणि गुरांसाठी कुंपण घालावे.

पुनर्भरणाचे चर झऱ्याच्या डोक्यावरच खोदायची सवय चुकीची आहे. थर कोणीकडे झुकलेत ते आधी पाहावे. पाणी डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही मुरत असू शकते. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल समतल चर मीटरमागे १८० लिटर धरतो, पण आखणी ए-फ्रेमने (ओळंबा लावलेल्या ‘A’ आकाराच्या चौकटीने) तंतोतंत हवी. थोडा जरी कल राहिला तरी पाणी एका टोकाला साचते, बांध फुटतो आणि तिथे घळ पडते. खाली घरे आणि वर जाड मातीचा तीव्र उतार असेल, तर तिथे चर नकोतच. भिजून जड झालेली माती सुटते.

पैशांसाठी पेसाचा (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) ५ टक्के अबंध निधी आहे. जमीन वनखात्याची म्हणून काम अडवले, तर वनहक्क कायद्याचे कलम ३(२) दाखवावे. ग्रामसभेची शिफारस असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटणार नसतील, तर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन पाण्याच्या टाकीसाठी आणि पाइपलाइनसाठी देता येते.

— एक भूजल अभ्यासक, शहादा (जि. नंदुरबार)