तुम्ही दिलेलं तांब्याभर पाणी

ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आताच्या म्यानमारमधल्या, थौक्यानच्या युद्ध दफनभूमीत झाडलोट करणाऱ्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायची सोय मी करीनच. पण तुम्ही काय केलंत, ते आधी आमच्या माणसांना कळू दे.

माझे पणजोबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर पलटणीत होते. १९४४ साली ब्रह्मदेशात गेले ते गेलेच. घरी तार आली, देह आला नाही. आजी तेव्हा चार वर्षांची. आबा परत येतील या आशेवर पणजीनं दिवससुद्धा घातले नाहीत. पुढे वडिलांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. एका साहेबानं ऐकवलं, "इतक्या जुन्या मेलेल्या माणसाचं आता काय करायचंय?" ते आजीला अजून टोचतं.

आणि तुम्ही! यांगूनच्या उत्तरेला, जुन्या प्रोम रस्त्यावरची ती जागा. जिथं पोहोचणं अवघड होतं अशा अक्याब, मंडाले, मेक्टिला, साहमॉच्या दफनभूमींतल्या कबरी १९५१ मध्ये तिथं हलवल्या. आज तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या ६,३७४ कबरी आहेत, त्यातल्या ८६७ बिननावाच्या. ज्यांना कबरही मिळाली नाही अशा जवळजवळ २७,००० जणांची नावं मधल्या खांबांवर. त्यात आमच्या भारतातले हजारो. एवढ्या नावांत मी तासभर भिरभिरलो. तुम्ही माझ्या हातातला कागद पाहिलात आणि थेट त्या खांबापाशी नेलंत. ओल्या फडक्यानं नाव पुसलंत, वरची-खालची नावंही पुसलीत.

मी आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिला इंग्रजी अक्षर येत नाही. म्हणाली, "माझ्या वतीनं हात फिरव रे." मी हात पुढे केला, तर तुम्ही थांबवलंत. तांब्याभर पाणी आणलंत, माझ्या हातांवर घातलंत, उरलेलं माझ्या हाती देऊन खांबाच्या पायथ्याकडे बोट दाखवलंत.

गेलेल्या माणसाला आम्ही पाणी देतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तुमच्याकडेही मृतांसाठी पाणी सोडतात, हे मला ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या माणसाला जे न सांगता कळलं, ते आमच्या कचेरीत कुणाला कळू नये, याचं फार वाईट वाटतं.

मी पाणी सोडलं. आजी फोनमधून एवढंच म्हणाली, "आबा, प्या." त्या रात्री ती पोटभर जेवली.

तुमची आई आहे का, असं ती रोज विचारते. असेल तर तिला आमच्या आजीचा नमस्कार सांगा.