टक्के विचारता, पण कशाचे? : केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञानमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

नागपुरातल्या एका संस्थेच्या उपकरण केंद्रात मी एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना पाहणारं) आणि आयसीपी-एमएस (नमुन्यातली मूलद्रव्यं अगदी बारीक प्रमाणातही मोजणारं) ही दोन यंत्रं सांभाळतो. मार्च उलटला की एक तक्ता भरून द्यावा लागतो. त्यात एक रकाना असतो, ‘उपकरणाचा वापर (टक्के)’. हे टक्के कशाचे, ते कुठंच लिहिलेलं नसतं.

समजा, यंत्र वर्षात १,३०० तास चाललं. वर्षाचे सगळे ८,७६० तास धरले तर वापर १५ टक्केही भरत नाही. कामाचे २४० दिवस आणि रोजचे ८ तास धरा, तोच आकडा ६८ टक्क्यांवर जातो. देखभाल, बंद पडणं, सुट्या भागांची वाट पाहणं वजा करून खरोखर हाती १,४५० तासच उरले असतील, तर तेच यंत्र ९० टक्के भरलेलं आहे. टक्के कमी दिसले की एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, पैशांना कात्री लागते आणि जास्त दिसले की ‘चाललंय ना, मग नवीन कशाला?’ असं ऐकावं लागतं. म्हणून जो तो आपल्या सोयीचा भाजक धरतो.

आयसीपी-एमएसचा एक साधा दिवस सांगतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडची राख ॲसिडमध्ये विरघळवून एखादी विद्यार्थिनी २० नमुने घेऊन येते. प्लाझ्मा, म्हणजे आरगॉन वायूची अतितप्त ज्योत, पेटवला की यंत्र स्थिर व्हायला अर्धा तास जातो. मग ट्यूनिंग, मग ब्लँक (नमुना नसलेलं कोरं द्रावण), मग ओळीनं स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेली द्रावणं). मधेच एखादा नमुना फार दाट निघतो. नळ्या धुवा, नमुना पातळ करा, पुन्हा लावा. नमुन्यांची प्रत्यक्ष मोजणी दीड तासाच्या आत उरकते, पण प्लाझ्मा तीन-साडेतीन तास पेटलेला असतो. मिनिटाला सतरा-एक लिटर आरगॉन जातो, म्हणजे सात घनमीटरचं सिलिंडर सात तासही पुरत नाही. तक्त्यात वापर म्हणून लिहायचं काय, दीड तास की साडेतीन? आणि सिलिंडरवाला दुसऱ्या दिवशी आलाच नाही, तर त्या दिवसाचं काय?

एक्सआरडीचं आणखी वेगळं. २० ते ८० अंशांचा स्कॅन ०.०२ अंशाच्या पायरीनं, पायरीला एक सेकंद देऊन केला तर ५० मिनिटं लागतात. रचनेच्या बारीक विश्लेषणासाठी पायरीला पाच सेकंद दिले, की चार तासांच्या वर. नमुना दोन्हीकडे एकच. तरी आम्हाला ‘वर्षात किती नमुने?’ असंही विचारतात.

त्यात आमचा उन्हाळा. नवतपात पारा ४५ च्या आसपास गेला की यंत्र थंड ठेवणारा चिलर ट्रिप होतो. एकदा तो दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद ठेवावं लागलं आणि तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मी ‘इतर’ मध्ये लिहिलं. आणखी एक कबुली देतो, लपवून काय करू? एका वर्षी एक्सआरडीची क्ष-किरण ट्यूब नुसती स्टँडबायला असल्याचे तासही मी वापरात धरले होते. टक्के छान दिसले.

सरकारचं काम मला दिसतं. जानेवारी २०२० मध्ये देशभरातली संशोधन उपकरणं शोधून बुक करण्यासाठीचं आय-स्टेम पोर्टल आलं, २०२२ मध्ये तुमच्या खात्याची उपकरणं वाटून वापरण्याची ‘श्रीमान’ मार्गदर्शक तत्त्वं आली (नाव ऐकून आमच्या लॅबमध्ये दोन दिवस हसत होते, पण हेतू चांगला आहे). मात्र वाटून द्यायचं तर आधी किती आहे ते कळायला हवं. यंत्राच्या संगणकात सुरू-बंदच्या नोंदी असतात, बुकिंगच्याही. त्यांवरून नमुन्याचे तास, तयारी-कॅलिब्रेशनचे तास, बिघाडाचे तास आणि बुक करून कुणी फिरकलंच नाही ते तास, असे वेगवेगळे मागा. त्या जागी, त्या यंत्राचे वर्षाला खरोखर किती तास हाती लागतात ते या नोंदींवरून ठरवा आणि टक्के त्यावर काढा. ऑपरेटर एकच असेल तर त्याची रजाही त्यात धरा. तो रजेवर गेला की यंत्रही रजेवर जातं.

आणि १०० टक्क्यांचा आग्रह नको. नमुने आपल्या वेळेनं, कसेही येत असतील तर रांगेच्या अगदी साध्या गणितात ८० टक्के भरलेल्या यंत्रापुढे सरासरी थांबणं एका कामाच्या चौपट होतं आणि ९५ टक्क्यांना १९ पट. व्हरायटी चौकात संध्याकाळी अडकलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. टक्क्यांच्या शेजारी ‘नमुना दिल्यापासून निकाल मिळेपर्यंत किती दिवस’ हा एक रकाना टाका. गोंदियाहून गाडीनं नमुने घेऊन येणाऱ्या पोरांना तेवढंच विचारायचं असतं.

यंदाचा तक्ता टेबलावर पडला आहे. टक्क्यांचा रकाना कोरा ठेवून मागे तासांचा हिशेब जोडून पाठवतो आहे. ‘अपूर्ण’ असा शेरा मारून तो परत येणार नाही, एवढं बघाल का?

आपला,
एक तांत्रिक अधिकारी, नागपूर