खांद्याला नुसता ‘आराम’ सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तरायणात पतंग उडवून दुखणाऱ्या खांद्यांवर काल तुम्ही जे छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. विषय घेतलात त्याबद्दल खरंच आभार. पण शेवटी सल्ला काय, तर ‘पूर्ण आराम द्यावा’. किती दिवस? शुगर असलेल्यांनी काय करायचं? काही पत्ताच नाही.

हाच सल्ला माझ्या मोठ्या जाऊबाईंना मिळाला होता. त्यांना शुगर आहे, माळ्यावरचा पितळी डबा काढताना खांद्यात कळ आली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात गळ्यात बांधला आणि आराम करा म्हणाले. हात परत हलवायला कधी घ्यायचा यावर चकार शब्द नाही. घरच्यांनीही मग प्रेमापोटी त्यांना कशाला हात लावू दिला नाही. पट्टा सुटला तेव्हा हात कानापर्यंत जाईना, वेणी घालायला लेकीला हाक मारायच्या, रात्री त्या कुशीवर वळल्या की कण्हत उठायच्या. फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून बसणं! चाळिशी ते साठीत होतो, बायकांना जास्त, शुगर असेल तर धोका आणखी वाढतो आणि खांदा मोकळा व्हायला वर्ष-दोन वर्षंसुद्धा लागतात. पुढे फिजिओने चांगला हात टेबलावर टेकून वाकायला आणि दुखरा हात सैल सोडून हळूहळू झुलवायला शिकवलं, मग भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची आणि पोचतील तिथे पेन्सिलने रेघ मारायची. ती रेघ बोटभर वर सरकली की त्या सगळ्यांना बोलावून दाखवायच्या. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांचे एवढे हाल झाले नसते, याचा मला आजही राग येतो.

उत्तरायणात तरी वेगळं काय होतं, वर्षभर लॅपटॉपवर वाकलेली माणसं १४ तारखेला पहाटे गच्चीवर चढतात आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण संपेपर्यंत हात वर, ढील दे, खेच, परत ढील. खांद्याची खोबण उथळ असते म्हणून हात चौफेर फिरतो, पण दंडाच्या हाडाचा गोळा त्या खोबणीत जागेवर धरायचं काम चार छोट्या स्नायूंचं, त्यालाच रोटेटर कफ म्हणतात, आणि हात सतत वर राहिला की त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, वरच्या हाडाखाली दाबल्या जातात. या स्नायूंना महिना-दोन महिने आधीपासून तयार करायला हवं. कोपर अंगाला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढायचा, पाठीवरची खांद्याची दोन्ही पाती मागे आवळायची, दुखेल इतकं ताणायचं नाही, बस. तुम्ही फोटो छापलात तो डोक्यावर डंबेल धरलेल्या मुलाचा! ज्या बडोद्यात व्यायामगुरू प्रो. माणिकरावांनी पोरांना व्यायाम शिकवला तिथल्या पेपरात हे यावं याचं वाईट वाटतं.

विनंती एवढीच की पुढच्या रविवारी एखाद्या फिजिओकडून चित्रांसकट नीट लिहून घ्या. त्यात हेही येऊ द्या की पडल्यावर हात उचलताच येत नसेल किंवा खांद्याचा आकार बदललेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, मालीशवाल्याकडून ओढून घ्यायचा नाही. आणि खांद्याबरोबर छातीत दुखून घाम फुटला तर बाम चोळत बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

आपली,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे