सवलतीच्या तिकिटावरचे टोमणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसटीतल्या गर्दीला बायकांचे अर्धे तिकीट कारणीभूत आहे, असे सांगणारी पत्रे या सदरात अधूनमधून येतात. लेक पुण्यात नर्सिंगला असल्यामुळे लातूर-पुणे गाडी माझ्या नेहमीची. तिथे हेच बोलणे तोंडावर ऐकावे लागते.

परवा येडशीला तीन बायका चढल्या. “निघाल्या फिरायला, अर्ध्या पैशात!” मागच्या सीटवरचे आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. त्यातली एक माझ्याशेजारी बसली. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. लेकीच्या बाळंतपणासाठी भोसरीला निघाली होती. पूर्वी नवऱ्याला सवड झाली, तरच तिला माहेरी किंवा लेकीकडे जाता यायचे. आता रोजगाराच्या पैशातून चार बाजूला टाकते आणि एकटीच निघते. बार्शी येईपर्यंत कोणत्या स्टँडवर बायकांची मुतारी धड आहे, हेही तिने मला सांगून टाकले. ही माहिती कुठल्याच फलकावर नसते.

कंडक्टर मागे गेले, तेव्हा आजोबांनी आधार कार्ड काढले. पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणजे त्यांचा प्रवास पूर्ण मोफत! ती सवलत ऑगस्ट २०२२ पासूनची, आमची मार्च २०२३ ची. त्यांना ती मिळायलाच हवी, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. बाईने त्यांना लाडू दिला. त्यांनी तो खाल्ला आणि टोमणे टेंभुर्णीपर्यंत चालूच ठेवले.

सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देते, म्हणजे आम्ही कुणाच्या खिशातून जात नाही. उभे राहावे लागते ते गाड्या पुरत नाहीत म्हणून. (खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणारे बहुधा पुरुषच असतात, हे जाता जाता.)

शेजारच्या बाईवर राग काढण्यापेक्षा आगारप्रमुखांकडे जादा गाडी मागावी. मुरुडहून पहाटे पुण्याला एक गाडी वाढवा, असा अर्ज आम्ही काहीजणींनी लिहिला आहे. पुरुष प्रवाशांच्या सह्या अजून फार कमी आहेत. शनिवारी बाजाराच्या वेळी आम्ही कागद घेऊन स्टँडवर असू.

आपली,
एक वाचक, मुरुड (जि. लातूर)