तुमच्या खोलीत कांडी आहे

जुळे सोलापूर,
रविवार, दुपारी

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, हे पत्र बाबांना तूच वाचून दाखव, पण गाळून गाळून नको. दादाच्या पत्रांचं तू काय करायचीस ते मला माहीत आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावतेस, मग वहिनी ऐकते, आणि बाबांचा मोतीबिंदू राहतो बाजूला.

तर घरात तिसरं मांजर आलंय. अकरा दिवस झाले.

लगेच ओरडू नका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे माग भंगारात निघाले, ही त्याच मागांखाली राहायची. अंगभर सूत चिकटलेलं. बाबा, नाव कांडी ठेवलंय, मागावरच्या सुताच्या कांडीवरून, तुम्हीही हेच ठेवलं असतं. मागांच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे मिक्सरला घाबरत नाही. राणीला घाबरते. वर्षाची असेल. डॉक्टरांना दाखवलं, जंताचं औषध झालं, लशीचा पहिला डोस झाला, दुसरा तीन आठवड्यांनी. खर्च माझ्या पगारातून. शिवाय राणी आता तेरा वर्षांची, पुढेमागे बंड्या एकटा पडेल. आणि रात्री जेवायला बसलं की समोर कुणीच नसायचं. हे लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही. ऑपरेशननंतर तुम्ही तिकडे दादाकडे राहिलात ते बरोबरच आहे, डोळ्याशी खेळ नको.

आता खरी गोष्ट. तिला बाबांच्या खोलीत ठेवलंय. कूलर तिथेच आहे आणि परवा पारा ४२ च्या वर होता. बाबा, तुमची गादी गुंडाळून कपाटावर ठेवलीय, वर मोरपिसाची चादर घातलीय, टेबलावरच्या वह्यांना हात लावलेला नाही. वाळूची घमेली चार झालीत, मांजरं तीन असली तरी. एक जास्तीचं असलं की जागेवरून भांडणं कमी होतात.

चिमीच्या वेळेसारखं करायचं नव्हतं मला. तेव्हा आपण तिला पिशवीतून काढून थेट जुन्या बोक्यापुढे ठेवली होती आणि तो तिच्या अंगावर धावून गेला. ती गच्चीवरून गेली ती गेलीच. बाबा, तुम्ही तीन रात्री बॅटरी घेऊन गल्ल्या फिरलात, मी सातवीत होते, तुमच्या बंडीचं टोक धरून मागे मागे. चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात, तिला चांगलं घर मिळालं. मला तेव्हाच कळलं होतं, पण मी मान डोलावली.

म्हणून या वेळी दार बंद. मांजराला आधी वास ओळखीचा व्हावा लागतो, तोंड नंतर. जुना मोजा कांडीच्या गालांवर घासायचा आणि राणीच्या ताटलीखाली ठेवायचा, राणीचा कांडीकडे. जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना. पहिल्या दिवशी राणीची ताटली पार सोफ्यापाशी होती, रोज वीतभर पुढे सरकवली, आता उंबऱ्यावर आलीय. काल लाकडी दार उघडून नुसतं जाळीचं ठेवलं. राणी फिस्कारली, बंड्याची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली. पाच मिनिटांत बंद केलं. फिस्कारणं म्हणजे भांडण नाही, ‘तिथंच थांब’ एवढंच. रागवायचं नाही.

आई, आल्यावर फिनेलने फरशी पुसायची नाही. मांजरांना ते विषारी असतं, पाय चाटले की पोटात जातं. दूध नाही, कितीही तोंडाकडे बघितलं तरी. शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडाही नाही, लसूण त्यांना बाधतो. (बाबा, हे तुमच्यासाठी आहे, आई देत नाही.) दोघी भिडल्या तर मध्ये हात घालू नका, टाळी वाजवा नाहीतर टॉवेल टाका. ओरखडा निघालाच तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर, ‘काही होत नाही’ म्हणायचं नाही. बाबा, वाकून कुणालाही उचलायचं नाही, डोळ्यात थेंब घालण्याआधी साबणाने हात, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गादीवर मांजर नाही. बंड्यासुद्धा नाही. तुम्ही यायच्या आधी कांडीला माझ्या खोलीत हलवते, तुमची खोली घासूनपुसून तयार मिळेल. पाणी चार दिवसांआड येतं, पण पिंपं भरलेली आहेत.

राणी रोज रात्री तुमच्या दाराशी, तुमच्या चपलांवर झोपते. मला आधी वाटलं कांडीवर पहारा देतेय.

दादा शनिवारी येतोय ना? त्याच्याबरोबर बाबांचा एक अंगातला शर्ट पाठव. कांडीच्या टोपलीत घालते, म्हणजे बाबा आले की तिला परके वाटणार नाहीत. आई, धुऊन पाठवू नकोस.

तुमची,
बेबी