‘संशोधन सांगते’ अशा बातमीखाली चार ओळींची चौकट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पानाचा फोटो काढा, रोग ओळखा, ९९ टक्के अचूक’ अशा मथळ्याच्या बातम्या खरिपात मराठी वृत्तपत्रांतून अधूनमधून झळकतात. त्यातला आकडा बहुधा खोटा नसतो. तो कुठल्या फोटोंवर मिळाला, हे बातमीत नसते, आणि खरी गोम तिथेच असते.

संगणकाला रोग ओळखायला शिकवण्यासाठी ‘प्लँटव्हिलेज’ नावाचा फोटोसंच फार वापरला गेला आहे. त्यात ५४,३०६ फोटो, १४ पिके आणि २६ रोग आहेत. २०१६ साली त्यावर शिकवलेल्या प्रणालीने ९९.३५ टक्के अचूकता गाठली आणि हा आकडा जगभर गाजला. मात्र त्याच शोधनिबंधात पुढे असेही नोंदवले आहे की, दुसरीकडून मिळवलेले फोटो दाखवल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संचातले फोटो एकेक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. संगणक पानाबरोबर ती पार्श्वभूमीही शिकला. २०२२ मध्ये एका अभ्यासात पान पूर्ण वगळून कडेच्या पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल (फोटोतले ठिपके) संगणकाला दिले, तरी ४९ टक्के उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजाने ती २.६ टक्के यायला हवी होती.

आता हे आपल्या बेळगाव भागाला लावून पाहा. या संचात ऊस नाहीच. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानांचे. म्हणजे निपाणी-चिक्कोडीकडच्या शेतकऱ्याने नुसत्या या संचावर शिकलेल्या ॲपला तांबेरा रोग पडलेले सोयाबीनचे पान दाखवले, तर ‘सोयाबीनवर तांबेरा’ हे उत्तर त्याला देताच येणार नाही. ते उत्तर त्याच्या यादीतच नाही. त्यातून तांबेरा आधी येतो तो खालच्या पानांवर, तोही पानाच्या उलट बाजूला. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत तो दिसणार कसा? ‘निरोगी’ असे उत्तर आले की फवारणी लांबते, आणि मग शेंगा भरायच्या आतच पाने गळतात. कृषी खात्याची पत्रके इथे बहुतेक कन्नडमध्ये निघतात. खानापूर-निपाणीकडच्या अनेक घरांत अशा विषयावरचा वाचता येणारा मजकूर म्हणजे मराठी पेपरातली बातमीच. म्हणून हा आग्रह.

दुसरी गफलत मोजणीतली. एकाच झाडाचे दहा फोटो काढून सात शिकवायला आणि तीन परीक्षेला ठेवले, तर परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो. फोटोंची विभागणी झाडनिहाय किंवा शेतनिहाय केली होती का, हा एक प्रश्न वार्ताहराने संशोधकाला फोनवर विचारला तरी पुरे. उत्तर द्यायला संशोधक अडखळला, तर मथळ्यातून टक्केवारी काढावी.

यानंतरचा प्रश्न निबंध छापला कुठे, हा. ‘आर्काइव्ह’ (arXiv) हे संकेतस्थळ १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केले. २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात आले. तिथे निबंध चढवण्यापूर्वी विषय आणि स्वरूप यांची जुजबी तपासणी होते, तज्ज्ञांकडून परीक्षण होत नाही. अशा परीक्षणाआधीच्या निबंधाला प्रीप्रिंट म्हणतात. प्रीप्रिंट वाईट असतो असे अजिबात नाही; भौतिकशास्त्राचे रोजचे काम त्यावरच चालते. पण जुलै २०२३ मध्ये ‘एलके-९९’ या पदार्थाचे काय झाले ते आठवावे. सामान्य तापमानाला विजेला शून्य रोध, असा दक्षिण कोरियातील गटाचा दावा आर्काइव्हवर आला आणि जगभर मथळे झाले. ऑगस्ट संपायच्या आत उलगडा झाला की, नमुन्यात तांब्याच्या सल्फाइडची भेसळ होती. ते सल्फाइड १०४ अंश सेल्सिअसच्या सुमारास रूप बदलते आणि त्याचा रोध एकदम बदलतो. तोच बदल अतिवाहकता (शून्य रोध) म्हणून धरला गेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही हा पदार्थ बनवून पाहिला. त्यांना अतिवाहकता आढळली नाही. दावा पहिल्या पानावर वाचलेल्या किती जणांपर्यंत हे पोहोचले?

उपसंपादकाला दहा मिनिटांत करता येईल ते असे. आर्काइव्हवरच्या निबंधाचे पान उघडावे. सारांशाखाली ‘कॉमेंट्स’ची ओळ असते, निबंध एखाद्या परिषदेत स्वीकारला गेला असेल तर बहुधा तिथे लिहिलेले असते. ‘जर्नल रेफरन्स’ असेल तर तो पाहावा. खाली आवृत्त्यांच्या तारखा असतात. बातमी पहिल्या आवृत्तीवर बेतलेली आणि समोर तिसरी, असे असेल तर आकडे पुन्हा जुळवावेत. एक सापळा मात्र लक्षात ठेवावा. २०२२ पासून आर्काइव्ह स्वतःच प्रत्येक निबंधाला डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) देते. त्यामुळे डीओआय आहे म्हणजे जर्नलमध्ये छापला, हे समीकरण आता चालत नाही.

बरे, जर्नलमध्ये छापले म्हणजे संपले, असेही नाही. ‘मायोराना’ कणांविषयीचा २०१८ चा निबंध ‘नेचर’मध्ये छापला गेला आणि मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला. मागे घेतलेल्या निबंधांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची यादी २०२३ पासून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि ती कुणालाही फुकट पाहता येते.

क्वांटम संगणकाच्या बातम्यांत क्युबिटची (अशा संगणकातल्या माहितीच्या मूळ एककाची) संख्या मोठ्या अक्षरात असते. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्युबिटची ‘विलो’ चिप जाहीर केल्यावर ‘आता बँकांचे पासवर्ड फुटणार’ अशी चर्चा गल्लोगल्ली झाली. बँका माहिती गुप्त ठेवायला जे आरएसए-२०४८ हे गणिती कुलूप वापरतात, ते फोडायला किती क्युबिट लागतील याचा २०१९ चा अंदाज २ कोटी होता. मे २०२५ मधला नवा अंदाज १० लाखांपेक्षा कमी क्युबिट आणि आठवड्याच्या आतला वेळ असा आहे (तोही प्रीप्रिंट म्हणूनच आला, हे जाता जाता). १०५ आणि १० लाख हे दोन आकडे बातमीत शेजारी ठेवले की वाचक घाबरत नाही, आणि गाफीलही राहत नाही; सहा वर्षांत अंदाज विसाव्या हिश्शावर आला, हेही त्यातून त्याला कळते. केंद्राच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटींची मंजुरी मिळाली असून त्याचे एक केंद्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. म्हणजे अशा बातम्या आता वाढतच जाणार.

अर्थशास्त्राची रीत निराळी. तिथे ‘वर्किंग पेपर’ परीक्षणाआधी वर्षानुवर्षे फिरतो आणि तेवढ्यात सरकारे त्यावर धोरणेही ठरवतात. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का दिली होती. युरोप-अमेरिकेत खर्चकपातीच्या बाजूने तो आकडा भरपूर वापरला गेला. २०१३ मध्ये हर्नडन, ॲश आणि पॉलिन यांनी मूळ एक्सेल फाइल मागवून तपासली. सरासरीच्या सूत्रात ५ देशांच्या ओळी सुटल्या होत्या, काही वर्षांची माहिती वगळली होती आणि सरासरी काढताना देशांना दिलेले वजनही वादग्रस्त होते. दुरुस्तीनंतरचा आकडा अधिक २.२ टक्के. म्हणून अशा निबंधामागची माहिती-फाइल सर्वांसाठी खुली आहे की नाही, एवढी एक ओळ बातमीत आली तरी बरेच काम होते.

माध्यमधोरणावरच्या संशोधनात ‘कोणत्या देशात, कोणत्या काळात’ हे दोन प्रश्न पुरतात. फेसबुकच्या फीडची (समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेची) मांडणी बदलून लोकांची राजकीय मते बदलत नाहीत, असा निष्कर्ष २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. तो अमेरिकेतला, २०२० च्या निवडणुकीच्या आसपासच्या तीन महिन्यांचा होता. त्याच काळात कंपनीने फीडमध्ये तात्पुरते बदल केले होते, हा आक्षेप २०२४ मध्ये त्याच नियतकालिकाने छापला. असा निष्कर्ष खानापूरच्या व्हॉट्सॲप गटांना लावणे धाडसाचे.

आपल्या शहर-पानावरही लक्ष हवे. ‘प्राध्यापकांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्ध’ ही अभिनंदनाची बातमी बहुतेक वेळा महाविद्यालयाच्या प्रसिद्धीपत्रकातून शब्दशः उतरते. पैसे भरा, आठवड्यात छापून देतो, म्हणणारी नियतकालिके ‘आंतरराष्ट्रीय’च असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केल्याने तिच्याकडे बोट दाखवून सुटणे आता शक्य नाही. पत्रकासोबत निबंधाची लिंक मागावी. ती न देणाऱ्याची बातमी थांबवावी.

तेव्हा मागणी एवढीच: संशोधनाच्या प्रत्येक बातमीखाली चार ओळींची चौकट. निबंध प्रीप्रिंट, परिषदेतला, वर्किंग पेपर की जर्नलमधला, कोणत्या तारखेची आवृत्ती, माहिती कुठली आणि किती, पैसा कुणाचा. आणि निबंध पुढे मागे घेतला गेला, तर ती बातमी मूळ बातमीच्याच पानावर, तेवढ्याच टाइपात.

आपले,
काही प्राध्यापक वाचक, बेळगाव