'होस्ट स्टेट अननोन' लिहिल्याबद्दल आभार

थॉमस ग्लाइक्सनर यांस, आणि त्यांच्यामागून 'व्हल्नरेबिलिटीज' फोल्डरात एकेक फाइल वाढवत गेलेल्या लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले माहिती गळवणारे दोष उघड झाले, तेव्हा 'आपलं मशीन झाकलेलं आहे का?' याचं उत्तर कर्नलची आवृत्ती, बूट लॉग आणि मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या, अपडेट करता येणाऱ्या कोडचा) क्रमांक जुळवून काढावं लागे. त्याच महिन्यात आलेल्या ४.१५ कर्नलमध्ये तुम्ही 'व्हल्नरेबिलिटीज' हा फोल्डर दिलात. एका दोषाला एक फाइल, फाइलीत एक ओळ. ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) मारला की झालं.

व्हीएम (एका खऱ्या मशीनवर, म्हणजे होस्टवर, चालणारी आभासी मशीन, म्हणजे गेस्ट) सांभाळणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग एमडीएस या इंटेल प्रोसेसरच्या दोषाच्या वेळी, मे २०१९ मध्ये कळला. होस्टवर नवा मायक्रोकोड, गेस्टमध्ये नवा कर्नल, तरी गेस्टची फाइल म्हणते: 'व्हल्नरेबल: क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड, एसएमटी होस्ट स्टेट अननोन'. म्हणजे प्रोसेसरचे बफर पुसायचा प्रयत्न केला, पण मायक्रोकोड दिसत नाही, आणि होस्टवर एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) चालू आहे का ते माहीत नाही. कारण साधं असतं. व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमने 'एमडी-क्लिअर' हा फ्लॅग (प्रोसेसरच्या क्षमतेची खूण) गेस्टला दाखवलेलाच नसतो. गेस्ट तरीही बफर पुसायचा प्रयत्न करतो, आणि होस्टचा मायक्रोकोड नवा असेल तर तो लागूही पडतो. फक्त ते कळायला गेस्टला मार्ग नसतो. अशा जागी हिरवी खूण टाकून मोकळं होणारे पुष्कळ असतात. तुम्ही 'अननोन' लिहिलंत, त्याबद्दल विशेष आभार.

त्या एका ओळीमुळे कामाचा क्रमही ठरला. आधी सगळ्या होस्टवर मायक्रोकोड आणि रीबूट. मग व्हीएमच्या व्याख्येत या उपायांचे फ्लॅग: इंटेलवर स्पेक-कंट्रोल, एसएसबीडी, एमडी-क्लिअर, एएमडीवर आयबीपीबी आणि व्हर्ट-एसएसबीडी. इंटेलवर पीसीआयडीही द्यावा; तो उपाय नव्हे, पण मेल्टडाउनच्या उपायाने येणारा संथपणा कमी करतो. त्यानंतर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायची. गेस्टच्या आतून रीबूट केलं तर क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते, नवे फ्लॅग पोचत नाहीत, आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. एखाद्या होस्टवर जुना मायक्रोकोड राहिला असेल तर लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) तिथे अडतं. अडू द्यावं, फ्लॅग काढू नये.

एल१टीएफ या एल१ कॅशमधून माहिती गळवणाऱ्या दोषाचा दस्तऐवज तर वेगळ्या आभारांचा धनी. 'कंडिशनल कॅश फ्लशेस, एसएमटी व्हल्नरेबल' या ओळीतला उत्तरार्ध लोक वाचत नाहीत. व्हीएममध्ये शिरताना एल१ कॅश पुसली, तरी तीच कॅश वापरणारा शेजारचा थ्रेड त्याच वेळी चालूच असतो. अनोळखी लोकांच्या व्हीएम असतील तर एसएमटी बंद करणं हाच सरळ उपाय. कर्नल ५.१४ पासूनच्या कोअर शेड्युलिंगने (एका कोअरवर कोणाला सोबत चालवायचं ते ठरवणाऱ्या सोयीने) दोन व्हीएम एका कोअरवर शेजारी येत नाहीत, पण होस्टचा कर्नल येऊ शकतो. हे सगळं गेस्टच्या हाती नाही, होस्टवरच बघायचं.

डाउनफॉल या नंतरच्या इंटेल दोषाच्या फाइलीत गेस्टला पुन्हा तोच प्रामाणिकपणा दिसला: 'अननोन: डिपेंडंट ऑन हायपरव्हायजर स्टेटस' (हायपरव्हायजर म्हणजे होस्टवरचा व्हीएम चालवणारा थर). आणि सप्टेंबर २०२५ मध्ये व्हीएमस्केप हा गेस्टमधून होस्टची माहिती गळवणारा दोष आला, तेव्हा 'आयबीपीबी बिफोर एक्झिट टू युजरस्पेस' ही उपाय लागू असल्याची ओळ होस्टवर शोधायला आमची २०१८ ची ग्रेपची कमांडच चालली, एक अक्षर न बदलता.

आपले,
होस्ट आणि गेस्ट दोन्ही सांभाळणारे काही मराठी सिस्टिम ॲडमिन